रांजणामागची भिंत

"अजून नाय," फुफा म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

पडवीच्या जमिनीवर दाराच्या फळीएवढा प्लास्टरचा पांढरा पाट पसरला होता, चांगला चार बोटं जाड. फजरची, पहाटेची नमाज झाली की फुफा रोज त्याच्याशेजारी उकिडवे बसायचे, बोटाच्या पेराने कोपऱ्याकोपऱ्यावर टकटक करायचे आणि कान खाली नेऊन ऐकायचे. बाजारात नारळ वाजवून बघतात ना, अगदी तसं. पाट वाळला की खणखणीत बोलतो, असं त्यांचं म्हणणं. आमचा पाट काही बोलत नव्हता. बद्द वाजत होता.

"काय म्हणते तुमची भिंत?" फुफीने चहाचा कप त्यांच्या हातात देत विचारलं.

"गप बसली हाय. तुझ्यावर गेली वाटतं."

"माझ्यावर गेली असती तर एवढ्यात चार गोष्टी ऐकवल्या असत्या तुमाला," फुफी म्हणाली आणि आत निघून गेली.

मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते. मला हसू आलं. त्या दोघांचं हे असंच चालायचं, फुफा घरात असले की. आणि ते घरात फार कमी असायचे.

फुफी म्हणजे माझी सासू. पण ती आधी माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही माझ्या तोंडी फुफीच राहिली आणि सासरे फुफा. तिचं नाव जैबुन, त्यांचं हुसैनमिया सरखोत. बाणकोटच्या खाडीकाठी आमचं घर. आमच्या गावात पुरुष म्हणजे ईदला येणारा पाहुणा. कुणाचा कुवेतला, कुणाचा बहरीनला, माझा नवरा मुश्ताक जहाजावर. फुफा गवंडी. मुश्ताक रांगत होता तेव्हा ते मस्कतला गेले आणि तिथे एका मशिदीच्या कामावर त्यांना उस्ताद इद्रिस भेटला.

हा उस्ताद मोरोक्कोचा, फेस नावाच्या शहरातला. त्या लोकांची भिंत सजवायची एक रीत आहे, जलीज म्हणतात तिला. चकचकीत रंगाच्या मातीच्या फरश्या घ्यायच्या, धारेच्या जड हातोड्याने त्यांचे चांदणीसारखे, पानासारखे, बदामासारखे तुकडे फोडायचे आणि ते एकमेकांत असे बसवायचे की सगळ्या भिंतीवर नक्षी फुलत जावी. एकही तुकडा साच्यातून निघालेला नसतो, सगळे हाताने घडवलेले. फुफांनी त्या उस्तादाचं चहापाणी केलं, शिव्या खाल्ल्या आणि हात धरून काम शिकून घेतलं. सुलतानांच्या कुठल्या कुठल्या दालनांत त्यांच्या हातच्या भिंती आहेत म्हणे. आम्ही काही बघायला गेलो नाही.

आम्ही बघितले ते डबे. दुसऱ्यांची माणसं गल्फहून येताना टेपरेकॉर्डर आणायची, अत्तरं आणायची, साड्या आणायची. आमचे फुफा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत उरल्यासुरल्या फरश्या भरून आणायचे. विमानतळावर हमालसुद्धा विचारायचा, चाचा, यात काय दगड भरलेत काय. फुफी डबा उघडून बघायची आणि म्हणायची, "आल्या ठिकऱ्या. आता लंगडी खेळायला मी मोकळी." तरी प्रत्येक डबा पुसून माळ्यावर ठेवायची तीच.

कारण त्या ठिकऱ्या तिच्याच नावाच्या होत्या. पहिल्यांदा मस्कतला निघताना तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना, तेव्हा फुफा म्हणाले होते, पैसे जमले की तुझ्या रांजणामागची भिंत सुलतानासारखी करून देतो. पुढे फेसच्या गोष्टी ऐकल्यावर तर त्यांच्या डोक्यात ते पक्कंच बसलं. त्या शहरात पाणवठ्याची भिंत सगळ्यांत सजवलेली असते, ते सांगायचे. तहानलेला माणूस आला की आधी त्याचे डोळे थंड झाले पाहिजेत, घसा नंतर. आमच्या पडवीतल्या रांजणामागची भिंत मात्र ओल धरून काळी पडली होती, चुन्याचे पोपडे सुटले होते. फुफी जन्मभर त्या भिंतीकडे तोंड करून पाणी भरत आली होती.

त्या वर्षी फुफा लांबलचक रजेवर आले आणि त्यांनी माळ्यावरचे सगळे डबे खाली काढले.

दिवाळी नुकतीच झाली होती, हवा कोरडी होती. दिवसभर पडवीतून हातोड्याचा टिकटिक आवाज यायचा. तुकडे पुरेसे झाले तेव्हा फुफांनी जमीन घोटून गुळगुळीत केली, त्यावर दोरीने चौकट आखली आणि मधोमध पहिली चांदणी ठेवली. पालथी. रंग खाली, विटकरी पाठ वर. तिच्याभोवती दुसरा तुकडा, तिसरा तुकडा, सगळे पालथे. बघावं तर नुसत्या विटेच्या कपच्या मांडल्यासारखं.

"फुफा, हे उलटं का लावता?" मी विचारलं.

"तुकडे काय सगळे सारखे जाड नसतात, नफिसा. सुलटे लावले तर कुठे उंच, कुठे खोल. जमिनीला तोंड लावून ठेवले की समोरची बाजू एका पातळीत येते. मग पाठीवर प्लास्टर ओतायचं, वाळलं की अख्खा पाट उचलून भिंतीला लावायचा."

"पण मग नक्षी दिसते कशी?"

"दिसत नाय. ठाऊक असावी लागते. तोंड बघायला मिळतं ते शेवटी, पाट उचलला की."

फुफी तिथेच डब्यांच्या मधे बसली होती. "जन्मभर कुणाची तरी पाठच बघायची," ती म्हणाली, "हे काम मला पण जमेल."

फुफा मोठ्याने हसले. मी पण हसले. बोचावं असं काही ती बोलली आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती रोज त्यांच्याजवळ बसू लागली. "निळा दे," ते म्हणायचे, ती निळा द्यायची. "पिवळा बदाम दे." "हिरवं पान." थोड्याच दिवसांत त्यांनी नुसता हात पुढे केला तरी नेमका तुकडा त्यात पडायला लागला. मधेच ते मस्कतच्या गमती सांगायचे, ती गावातल्या, कुणाच्या घरात काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही. माझ्या समजत्या वयापासून मी फुफीला बघत आले होते, पण तिला दुपारच्या वेळी नुसतं एका जागी बसून बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्या दिवसांत फार सुखात होती. केसाला तेल लावून, धुवट साडी नेसून बसायची. मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाली, "गप. घरात गवंडी आलाय कामाला, अवतार बरा नको?"

शेवटची ओळ लागत होती तेव्हा लतीफ मुकादम आला. गावातला फोन त्याच्या दुकानात.

"हुसैनभाय, मस्कतवरून तुमच्या उस्तादाचा फोन होता. मोठी मशीद निघाली हाय. व्हिजा तयार हाय, लगेच या म्हणतो. आता त्याचं वय झालं, हे शेवटचं काम, ते तुमी आणि त्याने मिळून करायचं, असं म्हणतो."

फुफांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. मुंबईहून बोलावणं आलेल्या नटासारखे ते खुलले. "त्याला सांग, घरची भिंत लावली की आलोच."

लतीफ गेला. फुफीच्या मांडीवर पिवळ्या बदामांचा डबा होता. तिने विचारलं, "कवा?"

"वाळली की उचलायची. उचलली की बसवायची. बसवली की निघायचं." मग तिच्याकडे बघून मायेने म्हणाले, "घाबरू नको. तुला दिलेला शब्द पुरा केल्याशिवाय मी या घरातून पाय काढणार नाय, जैबू."

"बरं," फुफी म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी धाकू खारवी पेणहून, गणपतीच्या कारखान्यातून प्लास्टरची पोती घेऊन आला. धाकू फुफांचा लहानपणचा सोबती, होडीतून मासळी न्यायचा. दोघांनी प्लास्टर कालवलं, चुना घातला आणि पालथ्या नक्षीच्या पाठीवर ओतलं. फुफांनी आम्हा दोघींना बजावून सांगितलं, "याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाय. हे सिमेंट नव्हे पाणी मारायला. आठवडाभरात वाळेल, इन्शाल्ला."

आठवडा गेला. पाट वाळला नाही.

फुफांनी आधी खाडीच्या वाऱ्याला दोष दिला आणि पडवीला नारळाची झापं बांधली. मग दमट सावलीला दोष दिला आणि झापं सोडली. पेणच्या कारखानदाराला शिव्या घातल्या. शेजाऱ्यांची शेळी पडवीत यायची, तिच्यावर संशय घेऊन तिला दगड मारला, त्यावरून शेजारणीशी वाजलं. सकाळी टकटक करायचे, कान लावायचे, "अजून नाय" म्हणायचे आणि दिवसभर चिडचिड करायचे. दुपारी ते जुहरच्या नमाजला मशिदीत जायचे, तिथून लतीफच्या दुकानात, फोन येतो का बघायला. मी भांड्यांना बसायचे. फुफी लोटा घेऊन रांजणाकडे जायची. घरातली बाई पाण्याच्या जागी जाते, त्यात बघण्यासारखं काय असतं?

फुफा जितके वैतागायचे तितकी फुफी गोड वागायची. तांदळाच्या रोट्या, नारळाच्या रसातली कोळंबी, शेवटी तर सांदणं. "खा, परत तिकडे कुठे मिळणार?" म्हणायची. ते म्हणायचे, "परत तिकडे जायला तर मिळू दे."

मग लतीफ पळत आला. उस्तादाचा पुन्हा फोन होता. जुम्म्यापर्यंत मुंबईतून विमान धरलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

"उचलतो," फुफा म्हणाले. "आज उचलायची."

"आज नको," फुफी म्हणाली. "ओली हाय अजून, तुमीच सकाळी बोललात."

"वरून ओली असेल. आतून धरली असेल एवढ्यात. इतके दिवस कुठलं प्लास्टर ओलं राहतं?"

"दोन दिवस थांबा की."

"दोन दिवसांनी विमान काय माझी वाट बघेल?"

"मग भिंत राहू दे. जाऊन या आणि मग करा."

"शब्द दिलाय तुला," फुफा म्हणाले. "अर्धा टाकून जाऊ?"

मला आजही वाटतं, तेवढ्या वेळात कुणीतरी एक सरळ वाक्य बोलायला हवं होतं. ती बोलायच्या बेतात होती, ओठ हलले होते. पण तेवढ्यात धाकू आणि लतीफ बाह्या सारत पडवीत चढले आणि परक्या पुरुषांसमोर फुफीने पदर पुढे ओढला.

तिघांनी पाटाखाली फळ्या सारल्या. फुफांनी बिस्मिल्ला म्हटलं. पाट एका अंगाने हळूहळू वर आला, कलता झाला आणि मग उभा राहिला.

काय सांगू. इतके दिवस ज्याची विटकरी पाठ बघत होतो त्याचं ते तोंड. मधोमध निळी चांदणी, तिच्यातून निघालेली पांढरी, तिच्यातून हिरवी, कडेकडेला मधासारखे पिवळे बदाम, आणि सगळं असं एकात एक गुंतलेलं की सुरुवात कुठे झाली ते डोळ्यांना सापडेना. आमच्या त्या ओलीने काळ्या पडवीत एवढा उजेड मी कधी बघितला नव्हता. धाकूच्या तोंडून नुसता "आयला" निघाला. आम्ही सगळे भिंतीकडे बघत होतो. फुफी तेवढी फुफांच्या तोंडाकडे बघत होती.

एक श्वास, फार तर दोन. मग खालचा कोपरा दबला. चहात बुडवलेलं बिस्कीट वाकतं तसा पाट मधेच वाकला, पांढरा चिखल फुफांच्या हातांतून ओघळला आणि सगळी नक्षी खळखळत खाली आली.

फुफांनी खाली बसून प्लास्टरचा एक गोळा उचलला आणि मुठीत दाबला. बोटांमधून पाणी ठिबकलं. त्यांनी ते पाणी बघितलं, रांजण बघितला, रांजणावरचा लोटा बघितला. लोट्याच्या बुडाला पांढरी कड धरली होती.

"धाकू, लतीफ, तुमी जा आता," ते म्हणाले.

ते दोघे गेले. मीही उठत होते, पण फुफीने माझा हात धरून ठेवला होता.

"मी सांगितलं होतं, जैबू," फुफा अगदी हळू आवाजात म्हणाले. "याला पाणी चालत नाय."

"ठाऊक होतं मला."

"मग?"

"वाळली की तुमी जाणार होतात."

फुफा तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं असेल असं वाटत नाही. मग म्हणाले, "तोंडाने सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर राहिला असतात?"

खरं सांगायचं तर फुफांनी त्या वेळी खोटं बोलायला हवं होतं. पण ते खोटं न बोलणारे. त्यांनी हातातला गोळा खाली ठेवला, हात धुतले आणि अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला निघून गेले.

जुम्म्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते निघाले. धाकूची होडी धक्क्याला लागली होती. पिशवी उचलताना फुफीला म्हणाले, "पुढल्या रजेत परत करतो. तुकडे जपून ठेव." ती "बरं" म्हणाली. ते होडीत बसले आणि होडी वळली तेव्हा आम्हाला त्यांची पाठ दिसली. त्या वेळी मला तिचं डब्यांमधे बसून केलेलं ते बोलणं आठवलं.

त्या वर्षी मुश्ताक सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला सरळ म्हटलं, नको जाऊ. तो गेलाच. पण मी म्हटलं.

तुकडे फुफीने एक एक करून धुतले. नखाने प्लास्टर खरवडायची, फडक्याने पुसायची, उन्हात मांडायची. एका दुपारी मला म्हणाली, "नफिसा, कशी होती गं?"

"काय?"

"भिंत. मी बघितलीच नाय. मी म्हटलं, बघू तरी, यांच्या तोंडावर काय येतं ते."

मी तिला आठवेल तसं सांगितलं. मधे निळी चांदणी, मग पांढरी, मग हिरवी. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग थोड्या दिवसांनी तिने धाकूला सिमेंट आणायला पाठवलं. "ज्याला पाणी मारावं लागतं तेच आण," म्हणाली. "ते मला जमतं."

आणि तिने स्वतःच्या हाताने रांजणाभोवतीच्या जमिनीत ते तुकडे बसवले. सुलटे, रंग वर. नक्षी कुठली येणार? निळ्याशेजारी पिवळा, बदामात चांदणी, कुठे फट मोठी, कुठे तुकड्यावर तुकडा. मी म्हटलं, फुफा बघतील तर कपाळावर हात मारून घेतील. ती म्हणाली, "मारू दे. त्यासाठी तरी येतील." त्या सिमेंटला ती रोज न चुकता पाणी मारायची. पुढे तर रांजणातून सांडलेलं पाणी त्या रंगांवर पसरलं की उभी राहून बघत बसायची.

फुफांची रजा पुढे ढकलली गेली, मशीद संपत नव्हती. आणि एका दुपारी फुफी रांजणाजवळच बसली ती उठली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमच्यात मयत थांबवत नाहीत. मस्कतला फोन लागून, तिकीट मिळून फुफा पोचले तेव्हा तिला मातीत ठेवून झालं होतं.

ते पडवीत आले. भेटायला आलेल्या बायका आत सरकल्या. हातपाय धुवायला म्हणून ते रांजणाकडे गेले आणि तिथेच थबकले. जमीन ओली होती. सगळे रंग वर आले होते.

"हे कुणी केलं?"

"फुफीने."

ते उकिडवे बसले. एका तुकड्यावर दुसरा तुकडा चढला होता, तिथे त्यांनी बोट फिरवलं. एक रेष चुकली तर अख्खी ओळ उपटून टाकणारा माणूस तो. मला वाटलं, आता काही बोलतील. ते त्या वेड्यावाकड्या जमिनीवर हात फिरवत राहिले, पाठीवरून फिरवावा तसा.

"पाणी मारत होती?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

फुफांनी मधलं बोट दुमडलं आणि पेराने जमिनीवर टकटक केलं. एकदा, मग थोडं सरकून परत. कान खाली नेला. खणखणीत आवाज मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आला.

"वाळली," ते म्हणाले.